कोणतं कोरल मेलं यापेक्षा केव्हा मेलं ते बघा

पत्र थोडक्यात असं : रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून एका गृहस्थांनी लिहिलंय. मुंबईची नोकरी सोडून ते गावच्या घरी परतले आणि गेल्या वर्षी जानेवारीत त्यांनी पडवीत 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. पाणी जवळच्या जेटीवरून कॅनने आणतात. आटलेलं पाणी दर रविवारी विहिरीच्या पाण्याने खुणेपर्यंत भरतात, ते वीसेक लिटर तरी होतं. दोन क्लाउनफिश आणि एक डॅमसेल हे मासे सुरुवातीपासून ठणठणीत आहेत. कोरल, म्हणजे पोवळी, मात्र टिकत नाहीत. मे महिन्यात हॅमर नावाचं कोरल गेलं. जुलैच्या शेवटी पाणी बदलल्यावर मशरूम आणि बरेचसे झोआ ही मऊ कोरलं गेली. उरलेले झोआ गणपतीत गेले, त्यांच्यासोबत कोळंबीही. दिवाळीनंतर घेतलेलं अ‍ॅक्रोपोरा फेब्रुवारीत नवा एलईडी बसवल्यावर आठवड्याभरात पांढरं पडलं. आता लेदर नावाचं एकच मऊ कोरल उरलंय आणि तेही आठ दिवस मिटून बसलंय. ते लिहितात : "सगळ्या टेस्ट बरोबर येतात. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, तापमान 28. दुकानदार दर वेळी नवी बाटली देतो. समुद्र दारात असून माझ्याकडे काही जगत नाही, म्हणजे माझ्या हातालाच यश नाही. मुलगी सातवीत आहे. ती प्रत्येक कोरलला नाव द्यायची, आता देत नाही. बायको म्हणते, जीव मारायचा हा कसला छंद. बंद करू का?"

सप्रेम नमस्कार,

टाकी बंद करायची की नाही, ते थोडं पुढे बघू. आधी तुमचं पत्र मी कसं वाचलं ते सांगते. तुम्ही कोरलांची नावं लिहिलीत, बाटल्यांची लिहिलीत, टेस्टचे आकडे लिहिलेत. मला सगळ्यात उपयोगी पडले ते तुम्ही जाता जाता लिहिलेले महिने. मे, जुलैअखेर, गणपती, आणि नवा दिवा बसवल्याचा आठवडा. कुठलंतरी एकच कारण आहे आणि ते हाती लागत नाही, असं धरून तुम्ही वर्षभर शोधताय. या चार वेळांना कोकणातल्या घरात आणि किनाऱ्यावर काय काय चालू असतं ते आठवून बघा. कोरल मेलं की सगळं लक्ष ते कोणतं होतं याकडे जातं, दुकानदारही 'ते नाजूकच असतं' म्हणून मोकळा होतो, आणि केव्हा मेलं हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आता मासे ठणठणीत आहेत म्हणजे पाणी चांगलंच असणार, या तुमच्या भरवशाबद्दल. समुद्री मासा आपल्या अंगातल्या क्षारांचं प्रमाण स्वतः सांभाळतो. तो पाणी पितो आणि जास्तीचं मीठ मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो. पाण्याची क्षारता थोडी वरखाली झाली तरी त्याचं निभावतं. कोरलला ही सोय नाही, बाहेरचं पाणी बदललं की त्याच्या पेशींनाही तो बदल सोसावा लागतो. उष्णतेचंही तसंच. 30 अंशांच्या पाण्यात क्लाउनफिश नेहमीसारखा खायला वर येतो. कोरलच्या पेशींत मात्र सूक्ष्म शैवालं राहतात, त्यांनी बनवलेल्या अन्नावर ते मुख्यतः जगतं. उष्णता वाढली की ही शैवालं बिघडतात, कोरल त्यांना बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. तेव्हा मासे जगले यावरून एवढंच कळतं की पाण्यात अमोनिया नाही आणि ऑक्सिजन पुरेसा आहे. कोरलला लागणाऱ्या बाकी गोष्टींबद्दल मासे काहीच सांगत नाहीत.

समुद्र दारात आहे, हे वाक्य तुम्ही स्वतःला दोष देण्यासाठी लिहिलंय. मला वाटतं, तुमच्या अडचणीची सुरुवातच तिथे आहे. दुकानात मिळणारी बहुतेक कोरलं मूळची इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणच्या रीफवरची, म्हणजे पोवळ्यांच्या समुद्री खडकांवरची, असतात. तिथलं पाणी नितळ, क्षारता वर्षभर जवळपास तीच. आपला किनारा तसा नाही. चार महिने सगळ्या नद्या-खाड्या गढूळ गोडं पाणी समुद्रात ओततात. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरही पोवळी आहेत, पण ती गाळ सोसणाऱ्या, पाण्यातले चढउतार सोसणाऱ्या मोजक्या जातींची. समृद्ध रीफ बघायची तर विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, आंग्रिया बँकेवर जावं लागतं, जिथे किनाऱ्याचा गाळ पोचत नाही. तेव्हा तुमच्या दारातला समुद्र तुमच्या हॅमरच्या ओळखीचा कधीच नव्हता, आणि त्याच्या जवळ राहण्याचा तुमच्या हाताच्या यशाशी काही संबंध नाही.

तुमचं सगळ्यात मोठं दुखणं मात्र रोजचं आहे, महिन्यांवर अवलंबून नाही. ते म्हणजे रविवारची बादली. आमटी आटली की खारट होते, तसंच टाकीचं : वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. 200 लिटरमधलं 20 लिटर पाणी आठवड्यात आटलं, तर रविवारी सकाळी 35 ची क्षारता (हजार भागांत 35 भाग क्षार) 39 च्या जवळ गेलेली असते. मग तुम्ही बादली ओतता आणि तासाभरात ती पुन्हा 35 वर येते. हळूहळू चढण आणि एका दमात उतार, दर आठवड्याला. तुम्ही टेस्ट कधी करता ते पत्रात नाही. बहुतेक जण पाणी भरून, सगळं स्वच्छ करून, रविवारी दुपारी करतात, आणि आठवड्यातली तेवढी एकच वेळ सगळं बरोबर असतं. तुमचे आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. ते ज्या वेळी घेतलेत त्या वेळेपुरतेच ते खरे आहेत, एवढंच.

यावरचा उपाय साधा आहे आणि तोच सगळ्यात आधी करा. रोज ठरलेल्या वेळी, जेवढं आटलं तेवढंच गोडं पाणी हळूहळू घाला. काचेवर मार्करने रेघ ओढून ठेवा. मुलीला हे काम आवडेल. पुढे जमलं तर पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारं छोटं यंत्र मिळतं, त्यावर केलेला खर्च कुठल्याही बाटलीपेक्षा सार्थकी लागेल. क्षारता मोजायला तुम्ही काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर वापरता. त्याच्या काट्याला बुडबुडा चिकटला किंवा मिठाचा थर बसला की तो बिनदिक्कत चुकीचा आकडा दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो 35 च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून 35 वरही बरोबर असेल असं नाही.

आणि ते गोडं पाणी विहिरीचं नको. तुमचं पाणी गोड आहे, टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) फक्त 90 आहे, असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. प्यायला ते उत्तमच. पण हिशेब करून बघा. आठवड्याला 20 लिटर म्हणजे वर्षाला 1,040 लिटर. त्यातलं पाणी उडून जातं आणि प्रत्येक लिटरमधले 90 मिलिग्रॅम मागे राहतात. वर्षाचे जवळजवळ 94 ग्रॅम. तुम्ही पाणी बदलता त्यात काही निघून जात असेल, पण जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यातलं लोह, बागेतल्या खताचा अंश, पंपाच्या आणि पितळी नळांच्या भागांतून येणारं तांबं, असं सगळं थोडं थोडं साठत राहतं. आरओला पुढे, उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा जोडून टीडीएस शून्य आलेलं पाणीच टाकीत जाऊ दे. घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी सहसा शून्यावर येत नाही, काही यंत्रं तर चवीसाठी मुद्दाम क्षार मिसळतात.

आता महिने घेऊ.

मे महिन्यातलं हॅमर. टाकी पडवीत आहे, पडवीवर कौलं आहेत. सकाळी सातला पाणी 28 अंश दाखवत असेल यावर माझा विश्वास आहे. दुपारी तीनला काय दाखवतं? दिव्याची उष्णता, पंपांची उष्णता आणि कौलांची धग मिळून 31-32 सहज होत असणार. समुद्रातही नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त काळ तापून राहिलं की कोरल पांढरी पडायला लागतात. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये हेच झालं. रीफ टाकीसाठी 25-27 अंश चांगले, 28 च्या वर जाऊ देऊ नये.

पाण्यावर पंखा लावा असं तुम्हाला बरेच जण सांगतील. कोरड्या हवेच्या गावांत तो दोन-तीन अंश उतरवतो. आपल्याकडे मे महिन्यात हवाच इतकी दमट असते की वाफ व्हायला वाव कमी, आणि जेवढी होते तेवढी क्षारता चढवते. पंखा लावलात तर पाणी भरण्याची शिस्त दुप्पट पाळावी लागेल. त्यापेक्षा टाकी माजघरात हलवा. जुन्या घराचं माजघर उगाच गार नसतं. दिवे दुपारऐवजी संध्याकाळी चार ते रात्री बारा लावा. कोरलला दिवस केव्हा सुरू होतो याच्याशी देणंघेणं नाही, तो रोज त्याच वेळी सुरू व्हावा एवढंच. एवढं करूनही दुपारी 28 च्या वर जात असेल तर चिलरला (पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही. चिलर बाहेर फेकतो ती गरम हवा माजघरात कोंडणार नाही अशी त्याची जागा निवडा. बर्फाच्या बाटल्या टाकणं हा आणीबाणीचा उपाय आहे, रोजचा नव्हे. त्यात दोन तासांत तीन अंश उतरतात आणि रात्री पुन्हा चढतात, म्हणजे एक झोका घालवायला दुसरा आणला.

जुलैअखेरचे मशरूम आणि झोआ. हे दोन्ही चिवट जीव आहेत. नवख्यांना पहिल्यांदा हेच द्यावेत असे. ते मेले याचा अर्थ धक्का मोठा होता. जूनपासून जुलैच्या 31 तारखेपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. बंदी उठायच्या तोंडावर जेटीवर काय गडबड असते ते तुम्ही रोज बघता. होड्यांची डागडुजी, डिझेल, रंग. तळाला शिंपले-कालवं धरू नयेत म्हणून जो रंग लावतात, त्यातल्या पुष्कळ रंगांत तांबं असतं. त्यात जेटी खाडीच्या तोंडाशी आणि वर धो धो पाऊस. तिथल्या पाण्याची क्षारता त्या दिवशी 22 होती असं समजा. तुम्ही 50 लिटर बदललं असेल, तर 36 वर असलेली टाकी एका दुपारी 32.5 वर आली. शिवाय गाळ, डिझेलचा तवंग, खाडीतून येणारं सांडपाणी. एवढं एकत्र आल्यावर चिवटांचंही काही चालत नाही.

जेटीचं पाणी कायमचं बंद करा. समुद्री मिठाचं मिश्रण शून्य टीडीएसच्या पाण्यात पंप लावून दिवसभर फिरवा, क्षारता 35 आणि तापमान टाकीइतकं झालं की मगच वापरा. स्वयंपाकाचं मीठ किंवा आगरातलं जाडं मीठ यासाठी चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीचे क्षार समुद्राच्या प्रमाणात नसतात. समुद्राचंच पाणी वापरायची मनापासून इच्छा असेल तर डिसेंबर ते मार्च या दिवसांत, खाडीपासून आणि वस्तीपासून दूर, मोकळ्या समुद्राला लागून असलेल्या खडकाळ भागातून, पूर्ण भरतीला घ्या. बारीक गाळणीतून गाळा, काही आठवडे झाकलेल्या काळ्या पिंपात अंधारात ठेवा, वापरण्याआधी क्षारता मोजा. पावसाळ्यापुरतं तरी मिठाचं मिश्रण घरात असू दे.

गणपतीतलं मरण मला सगळ्यात बोलकं वाटलं, कारण त्या वेळी झोआंबरोबर कोळंबी गेली. ती तोवर आठ महिने जगली होती. म्हणजे विहिरीच्या आणि जेटीच्या पाण्यातून आलेलं तांबं तिला मारण्याइतकं नव्हतं, कारण कोळंबी तांब्याला फार लवकर बळी पडते. मग त्या पंधरवड्यात नवीन काय आलं? गणपतीच्या आधी घराला रंग काढला असेल. मुंबईहून माणसं आली, दहा-बारा जण पडवीत झोपले, डासांची कॉइल किंवा लिक्विडचं मशीन रात्रभर चाललं. आरती, धूप, कापूर, उदबत्ती. डास मारायच्या बहुतेक साधनांत पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं असतात, आणि पाण्यातल्या कोळंबी-खेकड्यांना ती अत्यल्प प्रमाणातही मारक आहेत. आता स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) काय करतो ते बघा. तो खोलीतली हवा ओढतो आणि लाखो बारीक बुडबुड्यांनी पाण्यात मिसळतो. घरातल्या हवेत जे असेल ते थेट पाण्यात. शिवाय पाहुण्यांपैकी कोणीतरी, बहुधा लहान मुलाने, क्लाउनफिश दाखवायला पाण्यात हात घातला असेल, तेलाचा किंवा ओडोमॉस लावलेला.

याच्यासाठी घरच्यांशी भांडू नका, देवघरही हलवायची गरज नाही. स्किमरची हवेची नळी लांब करून खिडकीबाहेर काढा. टाकीच्या खोलीत कॉइल नको, मच्छरदाणी लावा. रंगकाम असेल तर त्या दिवसांत टाकी झाकून घ्या, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, आणि फिल्टरमध्ये ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाला. हा कार्बन एरवीही दर महिन्याला बदलून ठेवावा, कारण लेदरसारखी मऊ कोरलं शेजाऱ्यांना दाबण्यासाठी पाण्यात रसायनं सोडत असतात.

फेब्रुवारीतल्या अ‍ॅक्रोपोराबद्दल फार लिहायला नको. ते घ्यायला नकोच होतं, ते का हे पुढे येतं. तुम्ही नवा एलईडी पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीवर लावलात आणि त्याच आठवड्यात अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, ती डीकेएचमध्ये मोजतात) वाढवायला दुकानातून आणलेली पावडर घातलीत, असं पत्रावरून दिसतं. नवा दिवा निम्म्याहून कमी ताकदीवर सुरू करून चार-सहा आठवड्यांत चढवायचा असतो. अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच ठेवा, आणि वाढवायचीच असेल तर दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त नको. आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्य हे प्रगतिपुस्तकातले पैकीच्या पैकी गुण नव्हेत. कोरल आणि त्यातली शैवालं दोघांनाही या दोन्हींची थोडी गरज असते. नायट्रेट लिटरला 5 मिलिग्रॅमच्या आसपास, फॉस्फेट 0.03 ते 0.1 असेल तर शांत राहा. शून्याच्या आणि चढलेल्या अल्कलिनिटीच्या जोडीने अ‍ॅक्रोपोराची टोकं जळतात, हे टाकी ठेवणाऱ्यांमध्ये वारंवार दिसणारं आहे. टेस्ट किटच्या डब्यावरची मुदत मात्र बघा. आपल्या दमट हवेत उघडलेल्या बाटल्या लवकर बिघडतात, तेव्हा तुमचं शून्य खरं शून्य आहे का, हीच शंका आहे.

रोग, किडे, कोरल कुरतडणारे मासे, हेही मरणाची कारणं असतात, पण तुमच्या पत्रात त्यांची खूण दिसत नाही. नवीन कोरल टाकीत सोडण्याआधी कोरल डिपमध्ये (किडे मारणाऱ्या द्रावणात) बुडवून घ्या, तूर्त एवढं पुरे.

विजेचा एक मुद्दा तुम्ही लिहिला नाहीत, पण कोकणात राहणाऱ्या प्रत्येकाला तो आहे. वादळी रात्री सहा-सहा तास वीज जाते. तेव्हा दिवे किंवा फिल्टर नाही चालले तर बिघडत नाही, पाणी हललं पाहिजे. इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) जोडून ठेवा, किंवा वीज जाताच सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप घ्या. आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. खारं पाणी, ओल्या भिंती आणि तुमच्या मुलीचा हात, तिन्ही तिथे आहेत.

आता तुमचा प्रश्न. बंद करू का?

तुमच्या पत्नीचं म्हणणं मला कठोर वाटत नाही. कोरल हा प्राणी आहे, आणि एकामागून एक प्राणी विकत आणून ते मरताना बघणं घरातल्या कोणालाही जड जाणारच. मुलीने नावं देणं थांबवलं यावरून तिलाही ते किती लागलं ते कळतं. म्हणून पहिली गोष्ट, पुढचे तीन महिने काहीही विकत घेऊ नका. कोरल नको, मासा नको, बाटली नको. तीन महिने फक्त एक वही. रोज सकाळी सातचं आणि दुपारी तीनचं तापमान, रोजची क्षारता, आठवड्याला अल्कलिनिटी, आणि घरात-गावात त्या दिवशी काय वेगळं झालं त्याची एक ओळ. वीज गेली, रंग काढला, पाहुणे आले, पहिला पाऊस पडला. ती वही मुलीच्या हातात द्या आणि तिला खरं कारण सांगा : आपण शोध घेतोय.

पुढचे पर्याय तुमच्यापुढे आहेत. माशांपुरतीच टाकी ठेवणं हा कमीपणा नाही. तुमचे तीन मासे चौदा महिने जगलेत, चांगला सांभाळ केला तर क्लाउनफिश दहा वर्षांहूनही जास्त जगतात. दुसरा पर्याय म्हणजे मऊ कोरलांची टाकी : लेदर, मशरूम, झोआ. मला विचाराल तर तुमच्यासाठी हाच. तिसरा, अ‍ॅक्रोपोरा आणि हॅमरच्या वाटेला पुन्हा जाणं, हा मी सुचवणार नाही, आणि त्याला जिवांच्या काळजीखेरीज दुसरंही कारण आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये सगळी स्क्लेरॅक्टिनियन म्हणजे कठीण सांगाड्याची पोवळी येतात. काळी पोवळी, समुद्रपंखे आणि फायर कोरलही येतात. हॅमर आणि अ‍ॅक्रोपोरा दोन्ही कठीण गटातली. आपल्या किनाऱ्यावरून अशी पोवळी काढणं, बाळगणं, विकणं हा तीन ते सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि परदेशी कठीण कोरलची आयात वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या साइट्स कराराच्या कागदांशिवाय होऊ शकत नाही. दुकानदाराने तुम्हाला कागद दिले होते का? दिले नसतील तर त्याच्याकडून पुन्हा घेऊ नका. शंका असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे विचारा. ओहोटीला खडकावरून 'जिवंत दगड' उचलून आणायचा सल्लाही कोणीतरी देईल. तो ऐकू नका, त्या दगडावर काय वाढलंय ते तुम्हाला घरी आल्यावर कळेल.

झोआ घेताना एक काळजी जिवावरची आहे. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय तीव्र विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना हात लावू नका, आणि झोआ चिकटलेला दगड साफ करायला कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याने घासू नका. त्या वाफेने माणसं रुग्णालयात पोचली आहेत. मुलीला हे नीट समजावून सांगा.

आणि पूर्ण बंद करायचं ठरलंच, तर तेही चुकीचं नाही. मासे आणि लेदर एखाद्या चालू टाकीवाल्याला किंवा दुकानाला द्या. समुद्र दारात आहे म्हणून त्यात सोडू मात्र नका. भूमध्य समुद्रात 1984 मध्ये मोनॅकोजवळ मत्स्यालयातून सुटलेलं एक शैवाल मैलोगणती पसरलं. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर युनोमिया नावाचं, शोभेच्या टाक्यांतून आलेलं मऊ कोरल तिथल्या मूळच्या पोवळ्यांना झाकून टाकतंय. शेवटचं पाणी आणि वाळूही खाडीत न ओतता घराच्या मागे, विहिरीपासून आणि कलमांपासून लांब, कोरड्या जमिनीत जिरवा.

शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र तुमच्याच तालुक्यात आहेत. आपला छंद म्हणजे पोरखेळ वाटेल, असा संकोच न करता तिथे जाऊन प्रश्न विचारा. मुलीला बरोबर घेऊन जा.

आता उरलेल्या लेदरबद्दल, कारण ते या आठवड्याचं काम आहे. ते मेलंय असं इतक्यात धरू नका. लेदर अधूनमधून आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही, मिटून बसतं आणि अंगावरचा मेणचट पापुद्रा टाकतं. ही त्याची नेहमीची रीत आहे. वेव्हमेकरचा झोत थेट न मारता त्याच्या अंगावरून पाणी खेळतं राहील असा फिरवा, म्हणजे पापुद्रा सुटायला मदत होईल. ब्रशने खरवडू नका, आयोडीन किंवा दुसरं काही घालू नका, जागा बदलू नका. नवा एलईडी 40 टक्क्यांवर आणा. या रविवारची बादली ओतू नका. आजच क्षारता मोजा, ती 38-39 निघाली तर रोज एका अंकाने, शून्य टीडीएसच्या पाण्याने खाली आणा. पापुद्र्याखालची कातडी घट्ट, फिकट तपकिरी असेल तर ते पुन्हा उघडेल. बुंध्याशी मऊ काळा डाग पडून कुजका वास यायला लागला तर मात्र वाट बघू नका. हातमोजे घालून ते टाकीबाहेर घ्या, धारदार नव्या ब्लेडने डागाच्या वरचा चांगला भाग कापा, आणि तो जाळीच्या तुकड्याने एका छोट्या दगडाला सैलसर बांधून मंद प्रवाहात ठेवा. मऊ कोरल अशा तुकड्यातूनही पुन्हा वाढतं.